वाडा बंद आहे हे टूरवाल्यांना आधी माहीत होतं का?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र थोडक्यात असं:

"जानेवारीत एका रविवारी आम्ही घरचे सहा जण वाई-मेणवलीच्या एक दिवसाच्या 'फिल्मी सहली'ला गेलो. माणशी 2,200 प्रमाणे 13,200 रुपये मी यूपीआयने भरले. जाहिरातीत 'स्वदेस'चा घाट, नाना फडणवीसांचा वाडा आतून, 'गंगाजल'ची वाई आणि दिवसभर माहितगार गाईड असं लिहिलं होतं. माझे वडील 78 वर्षांचे, मोडी वाचतात. मेणवली दफ्तराबद्दल, म्हणजे नाना फडणवीसांच्या कागदपत्रांच्या संग्रहाबद्दल, त्यांनी आयुष्यभर वाचलंय, म्हणून त्यांच्यासाठीच हा बेत होता. गाईड आलाच नाही. वाईचा ढोल्या गणपती पाहिला, जेवण झालं. मेणवलीत वाड्याला कुलूप होतं आणि चित्रीकरण चालू असल्यामुळे घाटाकडे दोर बांधले होते. तिथला राखणदार म्हणाला, 'तुमच्या टूरवाल्यांना गुरुवारीच फोन केला होता.' नंतर बस पाचगणीला एका स्ट्रॉबेरीच्या दुकानापाशी दीड तास उभी. पैसे मागितले तर पावतीवरचं 'नो रिफंड' दाखवतात. मी रिव्ह्यू लिहिला तर म्हणतात, तो काढा, मग निम्मे पैसे देतो, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावतो. काय करू?"

ताई, आधी तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगतो. वाडा बंद असणं हा टूरवाल्याचा दोष नाही. वाडा खासगी मालकीचा आहे, मालक तो चित्रीकरणाला देऊ शकतात आणि त्या दिवशी बाहेरच्यांना आत न सोडण्याचा त्यांना हक्क आहे. समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात हे लिहील. दारात पोचल्यावरच टूरवाल्याला कुलूप दिसलं असतं, तर तुमची तक्रार गाईड आणि थोडाफार परतावा एवढ्यावरच राहिली असती.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य राखणदाराचं आहे. गुरुवारी कळलं आणि रविवारी बस निघाली. मधल्या दिवसांत एक व्हॉट्सॲप मेसेज टाकला असता, तर तुम्ही तारीख बदलली असती किंवा पैसे परत घेतले असते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुमचा दावा याच खुंटीवर टांगायचा. वाडा दाखवायचं कबूल करून दाखवला नाही, ही तक्रार दुय्यम ठेवा. माहीत असून सांगितलं नाही, ही मुख्य.

आता पुरावा. राखणदार असं म्हणाला, हे तुम्ही सांगणं म्हणजे ऐकीव गोष्ट. त्याला पुन्हा भेटा. फोन कोणी केला, कोणत्या नंबरवर, कोणत्या दिवशी, एवढं साध्या कागदावर दोन ओळींत लिहून सही दिली तरी उपयोग होईल, प्रतिज्ञापत्र दिलं तर फारच उत्तम. तो कुणाच्या तरी नोकरीत आहे, तयार नसेल तर दबाव आणू नका. मग टूरवाल्याला पाठवायच्या नोटिशीतच सरळ विचारा: वाडा बंद असल्याचं आपणांस कोणत्या तारखेला, कोणाकडून कळलं? उत्तर टाळलं तर ते टाळणंही ग्राहक आयोगासमोर, म्हणजे जिथे ही तक्रार चालेल तिथे, ठेवता येतं. शिवाय कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत.

कुलपाचे आणि दोरांचे फोटो तुमच्याकडे असणारच. ते व्हॉट्सॲपवरून पाठवलेले नकोत, ज्या फोनने काढले त्यातलेच जपा, कारण त्यांत वेळेची नोंद असते. आणि पाचगणीच्या दुकानात कुणी जॅमची बाटली घेतली असेल, तर ते बिल शोधा. घाटावर फिरण्याच्या वेळेत तुम्ही कुठे होता, हे त्या चतकोर कागदावर छापलेलं असेल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र आज रात्रीच काढा, जाहिरात बदलायला दोन मिनिटं लागतात.

गाईडचं काम सोपं आहे. जाहिरातीत कबूल केला, आला नाही, संपलं. तो आजारी होता की बाहेरून बोलावलेला होता, हा टूरवाल्याचा आणि त्याचा प्रश्न. पैसे टूरवाल्याने घेतले, पावती त्याची.

'नो रिफंड' या छापील शब्दांना घाबरून किती लोक गप्प बसतात, हे मी रोज पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं. त्याच ग्राहक कायद्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं ही त्यातलीच एक. ग्राहकाने मन बदललं तर परतावा नाही, असा नियम टूरवाल्याने जरूर करावा. स्वतःच सेवा न देता त्या नियमाआड त्याला लपता येत नाही. पावतीच्या तळाशी 'सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्रात' असं असेल तर तेही सोडून द्या. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले तरी तुमच्या संमतीने सेवा घेणारे बाकीचे पाचही जण कायद्याने ग्राहकच आहेत.

मागायचं किती? तुम्ही जेवलात, वाई पाहिली, बसने परत आलात. तरीही मी पूर्ण 13,200 मागेन, कारण पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटरवर जाऊन जेवायचं हा तुमचा हेतू नव्हता. मात्र हातात थोडे कमी पडतील ही तयारी ठेवा. मानसिक त्रासापोटी आणि खर्चापोटी माफक रक्कम लावा. तेरा हजारांच्या सहलीसाठी पाच लाख मागितले की खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

आता रिव्ह्यू. खरं आणि लोकांच्या हिताचं सांगणं ही बदनामी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये तसा अपवादच आहे, आणि स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानालाही तिथे संरक्षण आहे. पण तुम्ही पाठवलेल्या प्रतीत 'हे लुटारू आहेत' असं एक वाक्य आहे. ते काढा. 'गाईड आला नाही, वाडा बंद होता, तो बंद असल्याचं टूरवाल्यांना आधीच कळवलं होतं असं आम्हाला तिथे सांगण्यात आलं, पैसे परत मिळाले नाहीत,' एवढंच ठेवा. त्यातला प्रत्येक शब्द तुम्ही सिद्ध करू शकता किंवा तो जसा ऐकला तसा सांगताय. धमकीचा मेसेज पुसू नका. पैसे हवेत तर तोंड बंद ठेवा, अशी अट घालणारा माणूस आयोगासमोर स्वतःचीच बाजू कमकुवत करतो. आणि निम्म्या पैशांवर 'पूर्ण समाधान झाले' अशी सही तर अजिबात देऊ नका.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं. सोबत पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या सेवेसाठी शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, पण राखणदाराची आठवण तेवढी टिकणार नाही.

वडिलांचं प्रतिज्ञापत्र वेगळं घ्या आणि ते तुम्ही लिहू नका. कुलपासमोर किती वेळ उभे राहिले, काय पाहायला आले होते, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगू दे. मानसिक त्रासाची रक्कम ठरवताना आयोगाने तेच पान वाचावं, अशी माझी इच्छा आहे.