देवकुंड धबधब्याला कॅमेरा नेतोयस तर...

लेन्स एकच घे. भिरा गावाहून दोनेक तासांची चाल आहे, शेवटच्या दगडधोंड्यांत पाठीवरचं ओझं चांगलंच जाणवतं. ट्रायपॉड मात्र सोडू नकोस. पाणी रेशमासारखं हवं असेल तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावलास की ओल्या कातळाची चकाकी जाते, शेवाळाचा हिरवा खुलतो.

खरा वैरी म्हणजे पाण्याचे तुषार. पहिल्या खेपेला मी चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर प्रत्येकात मधोमध एकच थेंब! तेव्हापासून खिशात आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा असतो. फ्रेम ठरेपर्यंत लेन्स झाकलेली, मग पुसायची आणि लगेच क्लिक.

ऊन कुंडात उतरायच्या आत पोच, नाहीतर पांढरं पाणी नुसतं जळतं. भर पावसात वाट बंद ठेवतात, तेव्हा आडवाटेने घुसू नकोस. ऑक्टोबरात जा. पाणी अचानक गढूळलं तर ट्रायपॉड तिथेच टाकून वर ये.

पुढे कोकणातल्या किनाऱ्यांवर जाशील, तेव्हा ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोव आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धू. माझा एक खाऱ्याने असाच जाम झालाय.