कलाव्यवस्थापनात मास्टर्स करू, की अनुभव पुरेल?

समुपदेशनाला आलेली तरुणी एका नृत्यसंस्थेत समन्वयक होती. तालमींचं वेळापत्रक, कलाकारांचा प्रवास, प्रयोगाच्या दिवशीची धावपळ, सगळं तिच्याकडे. कला आणि मनोरंजन व्यवस्थापनात मास्टर्स करायचं जवळजवळ ठरलं होतं, पण धास्ती होती: "इथे ओळखी आणि अनुभवच चालतो म्हणतात. दोन वर्षं आणि एवढे पैसे घालून परत याच खुर्चीत बसले तर?"

शंका रास्त आहे. रंगमंच व्यवस्थापक किंवा निर्मिती समन्वयकाला पदवी क्वचितच विचारली जाते. म्हणून तिला सांगितलं, पाच वर्षांनी जे पद हवंय त्याच्या दहा जाहिराती जमवा आणि आज जे येत नाही त्याखाली रेघ मारा. तिला संस्थेचं कार्यकारी संचालकपद हवं होतं. रेघा पडल्या त्या अंदाजपत्रक, निधी उभारणी आणि करार यांवर.

मग एका काल्पनिक प्रयोगाचा हिशेब करायला दिला. ठरलेला खर्च 96,000, तिकीट 500, खुर्च्या 400. तिने सरळ भागाकार करून 192 तिकिटं काढली, म्हणजे निम्मं सभागृहही भरायला नको. पण तिकिटामागे कमिशन आणि कर मिळून 100 जात असतील तर हाती 400च उरतात आणि 240 तिकिटं विकावी लागतात. त्यात 40 पास वाटले की विकायला 360 खुर्च्या राहतात, त्यांतल्या दोन तृतीयांश गेल्या तरच खर्च निघतो. उत्तम प्रयोग करूनही संस्था तोट्यात जाते ती बहुतेकदा अशाच ठिकाणी, आणि हे शिकण्यासारखं आहे.

अभ्यासक्रमांची नावं सारखी वाटली तरी कल वेगळे असतात. कलाव्यवस्थापनाचा भर ना-नफा संस्था, अनुदानं आणि देणग्यांवर. त्यामागे कारण आहे. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये दाखवलं की चार वादकांच्या रचनेला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो, मानधन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढत राहतं. ही तूट बहुधा तिकिटांतून भरत नाही. मनोरंजन व्यवस्थापनात हक्क आणि परवाने जास्त येतात. उदाहरणार्थ, चित्रपटात एखादं ध्वनिमुद्रित गाणं वापरायचं तर रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळे. दोन्ही परवानग्या लागतात. तिच्या गरजेला पहिला प्रकार जवळचा होता.

प्रवेशाआधी विद्यापीठांना विचारायचे प्रश्न तिने लिहून घेतले: इंटर्नशिप सक्तीची आहे का, तिथे विद्यार्थी खरं अंदाजपत्रक हाताळतो का, तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आज कोणत्या पदावर आहेत. शेवटच्या प्रश्नाला फक्त दोन-चार चमकदार नावं सांगितली, तर सगळ्या तुकडीची माहिती मागायची. कर्ज पहिल्या वर्षीच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त होत असेल, तर अर्धवेळ अभ्यासक्रम किंवा शिष्यवृत्ती मिळेपर्यंत थांबणं बरं.

तिने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला आणि संस्थेकडून एका प्रयोगाचं अंदाजपत्रक आणि एक अनुदानाचा अर्ज मागून घेतला. ही कामं आवडली तर अर्धवेळ मास्टर्स. रुक्ष वाटली, तर पैसे भरण्याआधीच ते कळेल.