घरात काय कमी होते म्हणून?

पत्र : मी ४४ वर्षांची आहे, ठाण्यात राहते आणि एका सहकारी बँकेच्या हिशेब विभागात काम करते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा रात्र रात्र जागावे लागे. त्या काळात शेरलॉक होम्सच्या पात्रांवर इतर वाचकांनी लिहिलेल्या कथा, म्हणजे फॅन फिक्शन, मोबाइलवर वाचू लागले आणि पुढे टोपणनावाने इंग्रजीत स्वतःही लिहू लागले. सासूबाई गेल्या, पण लिहिणे सुरूच राहिले. माझ्या बहुतेक कथांत डॉ. वॉटसन आजारी किंवा जखमी असतो आणि होम्स त्याची शुश्रूषा करतो. काहींत त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम असते. लीड्स आणि मनिला इथल्या दोघी वाचक आता मैत्रिणी झाल्या आहेत, त्यांचे चेहरे मात्र मी पाहिलेले नाहीत. घरी मी 'बँकेचे काम आहे' असे सांगत आले. गेल्या महिन्यात बारावीतल्या मुलाने लॅपटॉपवर माझी एक कथा पाहिली आणि जेवताना सर्वांसमोर विषय काढला. यजमान रागावले नाहीत. 'घरात काय कमी होते म्हणून हे?' एवढेच म्हणाले. बहिणीला हा पोरकटपणा वाटतो, आणि दुसऱ्याची पात्रे वापरणे ही उसनवारी वाटते. मी याकडे का ओढली गेले, ते माझे मलाच सांगता येत नाही. हे थांबवावे का?

प्रिय मैत्रिणी,

लिहिणे थांबवू नका. इतके स्पष्ट उत्तर पहिल्याच ओळीत देते, कारण नकारच मिळणार असे गृहीत धरून तुम्ही हे पत्र लिहिले आहे, असे ते वाचताना जाणवले. एक गोष्ट मात्र थांबवायला हवी. तिच्याविषयी पुढे लिहिते. त्याआधी तुम्ही याकडे का ओढल्या गेलात, याचा शोध घेऊ, कारण तो लागला तर यजमानांच्या प्रश्नालाही तुम्हाला खरे उत्तर देता येईल.

सुरुवात तुमच्या होम्सपासूनच करू. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ मध्ये त्याला वाचकांपुढे आणले, परंतु त्यांचा जीव ऐतिहासिक कादंबऱ्यांत गुंतलेला होता आणि होम्सच्या बाबतीत बारीकसारीक तपशिलांची फिकीर ते फारशी करत नसत. त्यामुळे पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला लागलेली गोळी दुसऱ्या कादंबरीत पायाला लागलेली असते, आणि जॉन नावाच्या या गृहस्थाला त्याची पत्नी एका कथेत जेम्स म्हणून हाक मारते. डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यापाशी संपवूनच टाकले. पुढे १९०३ मध्ये त्याला परत आणले, तेव्हा कथेतल्या मधल्या तीन वर्षांचा हिशेब अवघ्या काही वाक्यांत उरकला : नॉर्वेचा प्रवासी म्हणून तो तिबेटात हिंडला, ल्हासाला जाऊन आला, आणखी काही ठिकाणी गेला, आणि लंडनला परतला. ज्याला कथा नुसती वाचून बाजूला ठेवता येत नाही, अशा वाचकाला ही तीन वर्षे स्वस्थ बसू देत नाहीत. तुमच्या ओढीचे पहिले मूळ इथेच आहे, असे मला वाटते. चहूबाजूंनी घट्ट विणलेल्या, काहीही शिल्लक न ठेवणाऱ्या कथेला आपण दाद देतो आणि पुस्तक मिटतो. पण जिच्यातल्या माणसांवर जीव जडावा आणि त्यांच्याविषयी पुरेसे सांगितलेलेच नसावे, ती कथा वाचकाला आत बोलावते. हिशेबात न जुळणारी नोंद दिसली की तुमची नजर जशी तिथेच अडते, तशीच ती या रिकाम्या जागांवर अडली असणार.

हा पोरकटपणा असेल तर तो मोठ्या माणसांनी फार वर्षे केला आहे. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला आणि बायबलचे अभ्यासक धर्मग्रंथातल्या विसंगतींची जशी चिकित्सा करतात तशी होम्सकथांची करून दाखवली. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' नावाचे मंडळ स्थापन झाले. होम्स आणि वॉटसन खरोखरच होऊन गेले असे मानून त्यांच्या चरित्रातले दुवे जुळवणे हे तिथल्या प्रतिष्ठित सभासदांचे आवडते काम होते. त्यांना कोणी पोरकट म्हटल्याचे ऐकिवात नाही. या मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९९१ मध्ये. तोच छंद पुरुषांनी सभागृहात केला तर व्यासंग आणि बाईने रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर केला तर खूळ, हा भेद मला मान्य नाही, आणि तुम्हीही तो मान्य करू नये.

फॅनडमला, म्हणजे चाहत्यांच्या या जगाला, आजचे रूप दिले ते मुख्यतः स्त्रियांनीच. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांचे पहिले हस्तनिर्मित नियतकालिक निघाले. त्यानंतर कितीतरी स्त्रिया घरी टाइपरायटरवर कथा लिहीत, त्यांच्या प्रती काढून टपालाने एकमेकींना पाठवत आणि उत्तराची वाट पाहत. ज्या संकेतस्थळावर तुमच्यासारख्या लाखो जणी आज लिहितात, ते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' २००९ मध्ये खुले झाले, ते स्वयंसेवक चालवतात आणि त्यावर जाहिराती नाहीत. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला. हा इतिहास सांगण्याचे कारण तुमच्या लीड्सच्या आणि मनिलाच्या मैत्रिणी आहेत. बँकेत तुमचे काम अचूक असावे एवढीच अपेक्षा असते आणि घरी ते वेळेवर व्हावे एवढीच. या दोघी मात्र तुम्ही एखाद्या प्रसंगात कोणता शब्द वापरला आणि का, याची चौकशी करतात. अशी चौकशी एकदा वाट्याला आली की माणूस पुन्हा पुन्हा तिथे जातो. ओढीचे दुसरे मूळ हे आहे, आणि कित्येकांच्या बाबतीत ते पहिल्याहून खोल गेलेले असते.

बहिणीच्या आक्षेपापैकी उसनवारीचा मुद्दा मला सर्वांत कमी त्रास देतो. आपल्याकडे मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते, आणि त्यांना कोणी राम उसना घेतल्याचा दोष दिला नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जात्यावर दळताना बायकांनी गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने संकलित झाल्या आहेत. त्यांत वनवासातली सीता वारंवार येते, आणि ती येते दळणाऱ्या बाईच्या बाजूने बोलत, तिचे सासर आणि तिचा एकटेपणा ओळखून. त्या बायकांनी ओळखीचे पात्र घेतले म्हणूनच त्यांना स्वतःविषयी बोलता आले. कायद्याची शंका असेल तर डॉयल १९३० मध्ये वारले आणि त्यांच्या कथांवरील स्वामित्वहक्क भारतात केव्हाच संपला आहे. त्या कथांवर अलीकडे काढलेल्या चित्रपट-मालिकांचे तसे नाही. त्यांतले प्रसंग किंवा संवाद घेऊन लिहिलेले काही विकायला काढू नका.

आता तुम्ही घाईघाईने लिहून पुढे गेलात त्या वाक्याकडे येते : वॉटसन आजारी आणि होम्स त्याची शुश्रूषा करणारा.

चार कादंबऱ्या आणि ५६ कथांच्या या सबंध पसाऱ्यात होम्स सहसा आपला जिव्हाळा बोलून दाखवत नाही. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उत्तरकालीन कथेत मात्र वॉटसनला गोळी चाटून जाते, होम्स त्याला सावरून खुर्चीत बसवतो, त्याचे ओठ थरथरतात, डोळे क्षणभर धूसर होतात. आणि वॉटसन लिहितो की त्या थंड मुखवट्यामागची निष्ठा आणि प्रेम किती खोल आहे हे कळण्यासाठी एकच काय, अनेक जखमा सोसल्या असत्या तरी चालले असते. वाचकाने सुमारे चार दशके वाट पाहायची आणि त्याच्या हाती एवढा एकच क्षण यायचा. हा क्षण लांबवावा, तो पुन्हा पुन्हा घडवून पाहावा, यासाठी जगभरच्या चाहत्यांनी किती कथा लिहिल्या असतील याची गणती नाही, आणि तुमच्या बहुतेक कथा त्याच जातीच्या आहेत. त्यांपैकी काहींत तुम्ही त्या दोघांना प्रेमिक केले याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्या इंग्लंडमध्ये त्या कथा घडतात तिथे पुरुषांमधला शरीरसंबंध गुन्हा ठरत असे, तेव्हा डॉयल यांच्या मनात असते तरी त्यांना ते लिहिता आले नसते. शिवाय अनेक लेखिकांनी असे सांगितले आहे की स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत कोणी सोसायचे, कोणी नोकरी सोडायची आणि कोणी कोणाचे औषध आणायचे हे आधीच ठरून गेलेले असते. दोन समान माणसांविषयी लिहिताना ती वाटणी बाजूला ठेवून नुसत्या मायेकडे पाहता येते.

तुमच्या पत्रात सासूबाईंच्या आजारपणावर एकच वाक्य आहे. तुम्ही रात्र रात्र जागत होता असे त्यात आहे, पण त्या रात्रींत तुम्हाला 'तू झोपलीस का, जेवलीस का' असे कोणी विचारले होते का, हे त्यात नाही. हा माझा तर्क आहे, तो चुकीचा असेल तर खुशाल सोडून द्या. पण ज्या बाईच्या हातात अहोरात्र दुसऱ्याची शुश्रूषा होती, तिने लिहायला बसल्याबरोबर शुश्रूषा करून घेणाऱ्या माणसाची कथा लिहावी, हा मला योगायोग वाटत नाही. होम्ससारखा बारीक नजरेचा माणूस, ज्याला समोरच्याच्या बाहीवरच्या डागावरून त्याचा सबंध दिवस कळतो, त्याने ती नजर आपल्या थकव्याकडे वळवावी, असे कोणाला वाटणार नाही?

म्हणूनच यजमानांच्या प्रश्नाला 'काहीच कमी नव्हते' असे उत्तर देऊ नका. ते खरे नसेल, आणि त्यांनाही पटणार नाही. आपल्या संसारात प्रेमाची उणीव होती का, अशी भीती त्यांना वाटत असावी. रागावण्याऐवजी ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांना पुरे उत्तर ऐकण्याची इच्छा आहे असे मी धरून चालते. त्यांना सांगा की उणीव होती ती कोणीतरी आपल्याकडे लक्ष देण्याची, ती त्या आजारपणाच्या काळात फार जाणवली, आणि लिहिताना ती काही अंशी भरून निघाली. हे सांगताना आरोपाचा सूर येणार नाही याची काळजी घ्या. त्या दिवसांत त्यांची आईच अंथरुणावर होती आणि तेही खचलेले असणार.

थांबवायला हवी ती गोष्ट म्हणजे 'बँकेचे काम' ही सबब. लिहिण्यात काही गैर नाही, परंतु वर्षानुवर्षे सांगितलेल्या या लहानशा खोटेपणामुळेच ते गैर असल्यासारखे दिसू लागले, आणि यजमान दुखावले असतील तर होम्समुळे नव्हे, यामुळे दुखावले असतील. त्याबद्दल स्वच्छ शब्दांत क्षमा मागा. त्यानंतर आठवड्यातल्या कोणत्या रात्री तुमच्या आणि कोणत्या घराच्या, हे दोघांनी मिळून ठरवा. मार्चअखेरीस नवे प्रकरण सुरू करू नका, आणि लिहिण्यासाठी आजारपणाची रजा कधीही टाकू नका. प्रत्येक कथा घरच्यांना वाचून दाखवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. काही लिखाण अनोळखी वाचकांसाठीच असते. मुलाला मात्र एकट्याला बसवून सांगा की आईचे लिखाण सर्वांसमोर उघड करणे तिच्या मनाला लागले. जी कथा प्रौढांसाठी आहे तिच्यावर तसे नोंदवा आणि लॅपटॉपला पासवर्ड लावा.

लीड्स आणि मनिलाच्या मैत्रिणींशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला. त्या तुम्हाला इतक्या जवळच्या असतील, तर त्यांचे चेहरे पाहिल्याने काही बिघडणार नाही. पत्ता, बँकेचे नाव आणि पैशांचे व्यवहार मात्र दूरच ठेवा.

शेवटी एक विनंती. तुमच्या पत्रात तुम्ही इंग्रजीत लिहिता असे म्हटले आहे. वॉटसनची हकिगत पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर सुरू होते : लष्करी डॉक्टर म्हणून तो मुंबईच्या बंदरात उतरतो, आपली पलटण आधीच खिंडी ओलांडून पुढे गेल्याचे त्याला कळते, आणि तिला गाठायला तो कंदाहारच्या वाटेला लागतो. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या ज्या लढाईत तो जखमी झाला तिथे मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणीही लढल्या होत्या. डॉयल यांनी मुंबईसाठी जेमतेम एक वाक्य खर्च केले. तोवर बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन पाव शतक लोटले होते. वॉटसनने त्या शहरात काय पाहिले, पलटणीचा ठावठिकाणा कोणाकडे विचारला, भाषा येत नसताना कोणी त्याला मदत केली, हे अजून लिहायचे बाकी आहे आणि ते ठाण्यात राहणाऱ्या लेखिकेला इतर कोणापेक्षा बरे जमेल. ही कथा मराठीत लिहा आणि तिचा पहिला खर्डा यजमानांना वाचायला द्या.

आपली,
ताई