घराच्या नूतनीकरणाच्या काळात चालू गृहविमा पुरेसा असतो का?

पुरेसा असेलच असे नाही, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच विमा कंपनीला लेखी कळवावे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत, बांधकामामुळे चटईक्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढत असेल, तर जादा हप्ता भरून तशी नोंद करून घेतल्याशिवाय संरक्षण मिळत नाही. शिवाय पाडकाम, खोदकाम किंवा दुरुस्तीमुळे जमीन खचून झालेली हानीही वगळलेली आहे. हा दुसरा मुद्दा जुन्या घरांचे मालक हमखास विसरतात, याची मला खरोखर काळजी वाटते. मजुराला इजा झाल्यास गृहविमा सहसा उपयोगी पडत नाही; त्यासाठी ठेकेदाराकडे कामगार भरपाईचा विमा असल्याची खात्री करावी आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.