होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवणारे फटके) फारसे न मारताही इचिरो सुझुकी बेसबॉलमधला इतका मोठा खेळाडू का मानला जातो?

कारण चेंडू नेमका मोकळ्या जागेत मारून जिवाच्या आकांताने पहिला बेस, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठणं, ही त्याची खासियत होती. डावखुरी फलंदाजी करताना फटका पूर्ण होता होताच तो धावायला लागलेला असायचा, त्यामुळे साध्या जमिनीलगतच्या चेंडूवरही त्याला हिट (बाद न होता बेस गाठून देणारा फटका) मिळायची.

जपानमध्ये ओरिक्स संघाकडून खेळताना १९९४ ते २००० अशी सलग सात वर्षं तिथल्या दोन लीगपैकी पॅसिफिक लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्याचीच होती. तरीही २००१ मध्ये तो अमेरिकेतल्या सिॲटल मरिनर्स संघाकडे गेला, तेव्हा हा सडपातळ खेळाडू तिथे टिकेल का, अशी शंका अनेकांना होती. पहिल्याच मोसमात त्याने सर्वोत्तम नवोदित आणि सर्वात मौल्यवान खेळाडू हे अमेरिकन लीगचे (तिथल्या दोन मुख्य लीगपैकी एक) दोन्ही किताब पटकावले! २००४ मध्ये एका मोसमात २६२ हिट मारून त्याने जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. माझ्या मते हीच त्याची सर्वात मोठी कामगिरी.

पुढे यांकीज, मार्लिन्स हे अमेरिकेतलेच संघ, आणि शेवटी पुन्हा सिॲटल. २०१९ मध्ये टोकियोत तो निवृत्त झाला. अमेरिकेत ३,०८९ आणि जपानमध्ये १,२७८ हिट त्याच्या नावावर आहेत. २०२५ मध्ये त्याची अमेरिकेतल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली, तीही ३९४ पैकी ३९३ मतांनी.