मेलमध्ये नसलेलं वाक्य

"मुलाखत चांगली झाली होती. तीन आठवडे झाले, काहीच कळवलं नाही. माझ्यातच काहीतरी कमी असणार." समुपदेशक म्हणून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शब्द बदलले तरी चाल ओळखू येते.

हा २९ वर्षांचा (तपशील बदललेत). एका मोठ्या टेक कंपनीत आधी रिक्रूटरचा फोन, मग ऑनलाइन कोडिंग टेस्ट, आणि शेवटी एकाच दिवशी ४५-४५ मिनिटांच्या पाच फेऱ्या. मध्येच रिक्रूटर बदलली, नवीने सगळं पहिल्यापासून विचारलं. त्यानंतर चिडीचूप. स्पॅम फोल्डर उघडून उघडून अंगठा दुखायला लागला म्हणाला.

"चौथ्या फेरीतल्या माणसाने मान वर केली नाही. नुसता टाइप करत होता. दहाव्या मिनिटालाच काढलं मला."

"असं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला हवं, मॅडम?"

तीन बैठका हेच. मी समजूत घातली नाही. 'तू हुशार आहेस' हे घरचे सांगतच असतात.

चौथ्या वेळी कागदावर उभी रेघ मारून दिली. डावीकडे कंपनीने कळवलेलं, शब्दशः. उजवीकडे तुला कळलेलं. उजवी बाजू भरून मागच्या पानावर गेली. डावीकडे एकच ओळ: 'प्रक्रिया सुरू आहे, कळवू.' पेनाचं टोपण लावत, काढत तो बघत राहिला.

"हे सगळं तर मीच मला कळवलंय."

हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. पण मग ते माझं वाक्य झालं असतं, आणि जिना उतरेपर्यंत विरलं असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच मांडत आले: घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. माझं सगळं काम त्या वाक्याच्या शोधात जातं.

टाइप करणाऱ्याचं मात्र सरळ सांगितलं. अशा कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्याला उमेदवाराचं उत्तर तपशिलात नोंदवावं लागतं. अनेकदा निर्णय त्या नोंदी वाचून इतर लोक घेतात. मान खाली असणं हे त्याचं कामच होतं. शिवाय चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा चांगला माणूस बाहेर राहिलेला या कंपन्यांना परवडतो. कधी जागाच गोठवली जाते. कारण विचारलं तरी बहुधा सांगत नाहीत, कायदेशीर भानगड नको म्हणून. तेव्हा आठवड्याने एकच मेल करावा, 'कधीपर्यंत कळेल?' एवढाच. विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून ठेवावेत, पुढच्या खेपेला तेच भांडवल. आणि बाकीचे अर्ज थांबवू नयेत; एकाच दारात बसलं की ते दार फार मोठं दिसतं. नकार आला तरी सहा महिने-वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

सहाव्या बैठकीला आला तो फोन हातात घेऊनच.

"मेल आला. नाही म्हणालेत. वाचू?"

"वाच."

दोन ओळी होत्या. त्या वाचल्या आणि थांबला.