एचओएने तुळशीला दंड ठोकलाय, आता काय?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो, घर घेऊन दोन वर्षं झाली. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्या हौसेखातर घरासमोर खिडकीखाली छोटं तुळशी वृंदावन ठेवलं, फार तर तीन फूट उंच असेल. गेल्या आठवड्यात एचओएची, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, ईमेल आली, परवानगी न घेता बांधकाम केलंत, १०० डॉलर दंड झालाय आणि दहा दिवसांत काढलं नाहीत तर दर आठवड्याला आणखी १००. मिस्टर म्हणतात भरून टाक आणि वृंदावन मागच्या अंगणात ने, कशाला नसती कटकट. मला ते पटत नाहीये, समोरच्यांच्या लॉनवर बारा महिने मेरीची मूर्ती असते तिला कोणी काही विचारत नाही. रागाच्या भरात आम्ही या वेळचे ड्यूजही (संघटनेची ठरलेली वर्गणी) भरले नाहीत. चुकलं का?

उत्तर: हो, ड्यूजचं चुकलं. ते आजच भरा, बाकी सगळं नंतर. दंड वेगळा आणि ड्यूज वेगळे. टेक्ससमध्ये नुसत्या दंडापोटी एचओए तुमचं घर विकायला काढू शकत नाही, पण ड्यूज थकले तर ते प्रकरण तिथपर्यंत जाऊ शकतं, मग आपणहून त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?

आता दंड. खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून माझं लक्ष आधी वृंदावनाकडे नाही, त्या ‘ईमेल’कडे गेलं. टेक्सस प्रॉपर्टी कोडचं प्रकरण २०९ म्हणतं की दंड लावण्याआधी लेखी नोटीस पाठवायची आणि ती पाठवल्याचा पुरावा राहील अशा टपालाने पाठवायची, म्हणजे सर्टिफाइड मेल (आपलं रजिस्टर्ड पोस्ट) वगैरे; ईमेल चालते ती तुम्ही आधी तसा होकार दिला असेल तरच. त्यात काय चुकलंय ते हवं, चूक सुधारायला पुरेशी मुदत हवी (त्या मुदतीत सुधारलं तर दंड नाही), आणि ३० दिवसांत हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागता येईल हेही लिहिलेलं हवं. तुम्हाला आधी मुदत न देता थेट ‘दंड झालाय’ असंच कळवलं असेल तर त्यांचा पाया तिथेच कच्चा आहे. पण म्हणून गप्प बसून राहू नका. नोटीस बरोबर असो वा चूक, ३० दिवसांच्या आत हिअरिंग हवंय असं दोन ओळींचं पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपून ठेवा, फोनवर बोलून काम झालं असं समजू नका. एचओएचा कारभार बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीची बाई फोनवर कितीही गोड बोलली तरी त्याचा कागद होत नाही.

त्याच पत्रात विचारा की कुठल्या नियमाचा भंग झाला, त्याचा कलम नंबर द्या, आणि तुमची दंडाची लेखी पॉलिसी पाठवा. १ जानेवारी २०२४ पासून टेक्ससमध्ये दंड लावणाऱ्या एचओएला अशी पॉलिसी ठेवावीच लागते, कुठल्या प्रकाराला किती डॉलर ते त्यात असतं. तुमच्या नोटिशीतले दर आठवड्याचे १०० त्यात सापडतात का ते बघा.

आणि आता तुळस. टेक्ससमध्ये २०११ सालीच दारावर लावायच्या धार्मिक वस्तूंना संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा तो फक्त २५ चौरस इंचांपुरता होता, आपलं तोरणसुद्धा त्यात नीट बसलं नसतं. २०२१ मध्ये तो बदलला, आणि आता खऱ्या श्रद्धेपोटी घरावर किंवा स्वतःच्या जागेत धार्मिक वस्तू ठेवायला एचओए सरसकट बंदी करू शकत नाही. अपवाद आहेत, वस्तू सामायिक जागेत नको, सेटबॅक (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) किंवा ईझमेंटमध्ये (पाइप, वायरी वगैरेंसाठी राखलेला पट्टा) नको, सुरक्षेला धोका नको. म्हणून घर घेताना क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण झाल्याच्या) कागदांत मिळालेला सर्व्हेचा नकाशा काढा, त्यावर बिल्डिंग लाइन, म्हणजे जिच्यापुढे बांधकाम चालत नाही ती हद्द, तुटक रेषेने दाखवलेली असते, टेप घेऊन बाहेर जा आणि मोजा. वृंदावन रेषेच्या आत घराकडे असेल तर टेप दिसेल असा फोटो काढा. रेषेबाहेर असेल तर गुपचूप दोन फूट मागे सरकवा आणि मग फोटो काढा, त्यात कमीपणा नाही. सिमेंटने पक्कं बसवलं नसेल तर तेही सांगा, तुमच्याकडच्या थंडीत तुळस बाहेर जगत नाहीच, कुंडी आत न्यावी लागते, मग ते ‘बांधकाम’ कसं?

मेरीच्या मूर्तीबद्दल ‘तिला का नाही’ असं भांडू नका. जो कायदा त्या मूर्तीला आहे तोच तुळशीला आहे, एवढंच म्हणा. शेजारीणबाईंना दोन शब्द सांगून ठेवले तर त्या तुमच्या बाजूने उभ्याही राहतील.

हिअरिंगच्या १० दिवस आधी एचओएकडचे फोटो, कागद सगळं तुम्हाला मिळायला हवं, नाही मिळालं तर हिअरिंग १५ दिवस पुढे ढकलून मिळतं. आधी ते बोलतात, मग तुम्ही. रेकॉर्डिंग करायला परवानगी आहे, जरूर करा.

प्रश्न: टॅम्पाजवळ घर आहे. दिवाळीचे दिवे जानेवारीपर्यंत राहिले म्हणून दंड, कचऱ्याचा डबा आदल्या संध्याकाळी बाहेर ठेवला म्हणूनही दंड. भरायचा?

उत्तर: इतक्यात नाही. फ्लोरिडाने २०२४ मध्ये हे दोन्ही कायद्यातच घातलं. कचरा न्यायच्या आधी आणि नंतर २४ तास डबा बाहेर असला तर दंड लावता येत नाही, आणि सणाच्या दिव्यांसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर आठवडाभरात उतरवले नाहीत तरच दंड. शिवाय दंड नुसत्या बोर्डाने ठरवून चालत नाही, किमान तीन सभासदांची वेगळी कमिटी लागते, त्यात बोर्डावरचे लोक किंवा त्यांचे नातेवाईक चालत नाहीत, आणि कमिटीने बहुमताने मंजूर केला नाही तर दंड तिथेच संपला. कमिटीत कोण कोण आहे ते विचारा, अध्यक्षांच्या मिसेस निघाल्या तर मला जरूर कळवा. हे सगळं स्वतंत्र घरांच्या एचओएचं झालं, तुमचं काँडो (इमारतीतला फ्लॅट) असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे.

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला राहतो. ड्राइव्हवेवर ऑइलचे डाग पडले म्हणून ३०० डॉलर?

उत्तर: कधीचा दंड आहे ते लिहिलं नाहीत. कॅलिफोर्नियात ३० जून २०२५ पासून एका चुकीला जास्तीत जास्त १०० डॉलर, आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल तरच जास्त, आणि तसं बोर्डाने खुल्या मीटिंगमध्ये लेखी नोंदवायला हवं. हिअरिंगच्या आधी डाग साफ केलेत तर दंडच नाही. तेव्हा डाग घासून काढा, आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा. तरीही अडून बसले तर बोर्डाबरोबर समोरासमोर बसून तंटा मिटवायची मागणी लेखी करा, सभासदाने मागितली तर त्यांना नाही म्हणता येत नाही आणि तुम्हाला त्याचा एक पैसाही पडत नाही.